पंधरा वर्षांची अकॉर्ड : ठेवावी की काढावी?

जुन्या, मोठ्या, एकेकाळी महाग असलेल्या गाडीबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे, "पांढरा हत्ती आहे, आजच काढून टाका." आणि दुसरं, "अशा गाड्या आता होत नाहीत हो, जिवापाड जपा." दोन्ही मतं मांडणारे तावातावाने बोलतात आणि दोघेही कागद-पेन्सिल घेऊन बसायला तयार नसतात. मला वाटतं, अशा गाडीचं प्रगतिपुस्तक नीट भरायला हवं. कुठल्या विषयात किती गुण, कुठे नापास, आणि मग वरच्या वर्गात घालायचं की नाही ते ठरवायचं.

हा विषय निघाला तो माझ्या भाच्याच्या गाडीवरून. त्याच्याकडे होंडा अकॉर्ड आहे, 2.4 लिटरची, ऑटोमॅटिक, एमएच-15 पासिंगची, 2011 च्या नोंदणीची. त्याने ती सेकंडहँड घेतली तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. आता तिची पंधरा वर्षं भरत आली. आरटीओत फेरनोंदणी करून आणखी पाच वर्षं वापरायची, की काढून एखादी नवी छोटी एसयूव्ही कर्जाने घ्यायची, यावरून घरात तट पडले आहेत. त्यात भर म्हणजे आमच्या दादांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीसाठी मुंबईला न्यावं लागतं. म्हणजे प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. भाचा म्हणाला, "आत्या, तू तटस्थ आहेस, तू सांग." मला गाडी चालवता येत नाही. पण ही गाडी मुळात मागे बसणाऱ्यांसाठी बनवलेली आहे आणि मागे बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे! बाकीचं दोन-तीन मेकॅनिकना विचारून आणि बरंच वाचून जमवलं. तेच इथे मांडते, म्हणजे नातेवाईकांना वेगवेगळे फोन करायला नकोत.

आधी थोडी कुळकथा. होंडा हे नाव आपल्या घराघरांत पोचलं ते ऐंशीच्या दशकात, कायनेटिक होंडा आणि हीरो होंडामुळे. बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा अनेक शिक्षिकांनी हप्त्याहप्त्याने घेतली होती. अकॉर्ड ही गाडी मात्र त्याच्याही आधीची. 1976 मध्ये जपानात ती पहिल्यांदा आली, तेव्हा ती लहानशीच होती, मागे वर उघडणाऱ्या दाराची. 1982 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेरिसव्हिल इथे तिचं उत्पादन सुरू झालं. जपानी कंपनीने अमेरिकेत बनवलेली ती पहिली मोटारगाडी. पुढे अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांची ती घरची गाडी झाली आणि आकाराने वाढत गेली. अकॉर्ड या शब्दाचा अर्थ सुसंवाद, मेळ. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

भारतात होंडाने 1995 मध्ये कंपनी काढली, ग्रेटर नोएडाला कारखाना घातला आणि 1998 मध्ये सिटी आणली. अकॉर्ड आली 2001 मध्ये. 2003 मध्ये तिची नवी पिढी आली आणि 2008 मध्ये त्यापुढची. भाच्याची गाडी ही 2008 वाली पिढी. आता गंमत बघा. तिकडे अमेरिकेत जी गाडी शिक्षक आणि नर्स चालवत होत्या, ती आपल्याकडे कारखानदार, डॉक्टर आणि बिल्डर यांची गाडी झाली. टोयोटा कॅमरी आणि निसान टिआना यांचंही तसंच. म्हणजे "लक्झरी" हा शब्द गाडीत नसतो, तो आयात कर, अबकारी कर आणि आपला खिसा यांच्यामधल्या अंतरात असतो. हे मुद्दाम सांगते, कारण या गाडीच्या गुणदोषांचं मूळ यातच आहे. गाडी घरगुती वापराला टिकाऊ म्हणून बनवलेली. पण आपल्याकडे ती थोड्यांनीच घेतली, म्हणून तिचे सुटे भाग आणि तिची माहिती असलेले हात दोन्ही दुर्मीळ.

आता गुणांचा रकाना.

पहिला गुण इंजिनाचा. चार सिलिंडरचं, 2354 सीसीचं पेट्रोल इंजिन, सुमारे 180 अश्वशक्तीचं. आकडे सोडा, महत्त्वाची गोष्ट ही की या इंजिनात टायमिंगसाठी रबरी पट्टा नसून साखळी आहे. पट्टा असलेल्या इंजिनात तो ठरावीक मुदतीत बदलावाच लागतो, आणि बदलला नाही व चालता चालता तुटला तर आतली मोडतोड बदलण्याच्या खर्चाच्या कित्येक पट होते. साखळी तेल वेळेवर बदललं तर वर्षानुवर्षं चालते. इथे मेख "तेल वेळेवर बदललं तर" यात आहे. म्हणून जुन्या अकॉर्डची परीक्षा घ्यायची तर आधी सर्व्हिसिंगची वही मागायची, रंग नंतर बघायचा. याच गाडीचा सहा सिलिंडरचा, 3.5 लिटरचा भाऊबंदही होता. त्याला पट्टा आहे, आणि जोर कमी लागतो तेव्हा काही सिलिंडर बंद ठेवण्याची युक्तीही त्यात आहे. ऐकायला फार छान, पण जुनी गाडी घेणाऱ्याने युक्त्या जितक्या कमी तितकं बरं असं समजावं.

दुसरा गुण चालीचा. हा मला सगळ्यांत मोठा वाटतो. या पिढीच्या अकॉर्डला पुढच्या चाकांना डबल विशबोन पद्धतीचं सस्पेन्शन आहे. सोपं करून सांगायचं तर प्रत्येक चाक वरून आणि खालून अशा दोन हातांनी धरलेलं असतं, त्यामुळे खड्ड्यातून जाताना चाक वरखाली होतं पण तिरपं फारसं होत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांना एकच खालचा हात आणि वर शॉकॲब्सॉर्बरचा खांब असतो. ते स्वस्त पडतं आणि जागाही कमी घेतं. होंडाने स्वतःच अकॉर्डच्या पुढच्या पिढीत हा खर्चिक प्रकार सोडून दिला. दोन चाकांमधलं अंतरही जवळजवळ 2.8 मीटर आहे. मारुती 800 मध्ये ते दोन मीटरांच्या थोडंसं वर होतं. लांब झोळीला झोके संथ बसतात, आखूड झोळीला हिसके बसतात, तसंच हे. दादा म्हणतात, "मुंबईहून परत येताना पाठ आहे हे मला आठवत नाही." मणक्याच्या माणसाने दिलेल्या या एका वाक्याला मी जास्त गुण देते.

तिसरा गुण शांततेचा. काच वर केली की गाडीत बोलताना आवाज चढवावा लागत नाही. कमी ऐकू येणारी दोन माणसं आणि कमी बोलणारा एक भाचा असा प्रवास असेल तर याची किंमत कळते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाल्यापासून तर ही गाडी आपल्या माहेरी आल्यासारखी वाटते. सुमारे आठ किलोमीटरचा तो बोगदा, सरळ रस्ता, आणि ताशी शंभराच्या वेगाला गाडी कण्हत नाही. लांबच्या, एका वेगाच्या प्रवासासाठीच ती घडवलेली आहे.

चौथा गुण बारीकसारीक गोष्टींचा. दार बंद होताना येणारा आवाज, पंधरा वर्षांनीही न कुरकुरणारा डॅशबोर्ड, न लटपटणारी बटणं. आपल्याला दिसत नाही तिथेही काम नीट केलेलं असणं ही कारागिराची सचोटी. वर्गात नसताना फळा स्वच्छ ठेवणारा मुलगा मला नेहमी आवडत आलाय.

आता दुसरा रकाना. इथेही हात आखडता घ्यायचा नाही.

पहिला दोष पेट्रोलचा. दीड टनाच्या आसपास वजन, 2.4 लिटरचं इंजिन आणि जुन्या पद्धतीचा पाच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. द्वारका चौकातल्या गर्दीत उभं राहून ॲव्हरेज सातआठच्या पुढे सरकत नाही आणि हमरस्त्यावर अकराबाराला पोचलं तर खूप, असंच या गाडीबद्दल सगळे सांगतात. भारतात ही गाडी मागे पडली तीही याच कारणाने. तिच्यात डिझेल इंजिन आलंच नाही. पेट्रोलचे भाव जून 2010 मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये. मधल्या चार वर्षांत पेट्रोल चढत राहिलं, डिझेल सरकारी आधाराने स्वस्त राहिलं, आणि या दर्जाची गाडी घेणारे स्कोडा सुपर्बसारख्या डिझेल गाड्यांकडे वळले. 2013 च्या सुमारास अकॉर्ड थांबली. 2016 मध्ये हायब्रिड होऊन परत आली ती फारच महाग होऊन, आणि 2020 मध्ये तीही गेली. त्याच वर्षाअखेर ग्रेटर नोएडाचा कारखानाही बंद झाला. कॅमरी मात्र अजून विकली जाते, हा तिच्या जुन्या गाडीवाल्यांचा फायदा.

पेट्रोलमध्येच एक नवीन मुद्दा आलाय, तो इथेनॉलचा. 2025 पासून पंपावर मिळतं ते साधारणपणे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. या पेट्रोलला चालतील असे भाग असलेल्या गाड्या बाजारात आल्या एप्रिल 2023 पासून. त्याआधीच्या गाड्यांचं काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एकतृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज घटणार हे गणितच आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात, मूळ साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि 10 टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीत ही घट 6 ते 7 टक्के धरलेली आहे. म्हणजे नऊच्या ॲव्हरेजला अर्धा किलोमीटरचा चट्टा. त्याहून जपायची गोष्ट म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना, सीलना ते मानवत नाही. उसाला भाव मिळावा हे मलाही हवं आहे, निफाड-दिंडोरीकडे आपलेही सोयरे आहेत. पण ज्यांनी जुन्या पेट्रोलसाठी घडवलेली गाडी घेतली त्यांना पंपावर निवडीची सोय ठेवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा दोष लांबीरुंदीचा. गाडी 4.9 मीटर लांब, मारुती 800 पेक्षा पाच फुटांहून जास्त. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि तेव्हापासून आपल्या सोसायट्यांचे पार्किंगही जणू चार मीटरच्या हिशेबानेच आखले जाऊ लागले. रविवार कारंजा, भद्रकाली, मेनरोड या भागात ही गाडी घेऊन जाणं म्हणजे हत्तीला बोळात घालणं. शिवाय लांब आणि बसकी सेडान गतिरोधकावर पोट घासते. इथे नुसती जमिनीपासूनची उंची पुरत नाही. दोन चाकांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढा मधला भाग उंचवट्यावर टेकण्याचा संभव जास्त. जी लांबी पाठीला सुख देते तीच गतिरोधकावर दुःख देते. कुंभमेळ्याच्या तयारीसाठी शहरात निघालेली खोदकामं पाहता हा दोष नाशिकमध्ये दुप्पट धरावा! तुलनेला आपल्याच नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात 2007 पासून बनलेली लोगान आठवा. रूपाने बेताची, पण उंच, ऐसपैस, डिकी मोठी, आणि खड्ड्यांना न भिणारी. आपल्या रस्त्यांसाठी कोण जास्त शहाणं होतं हे उघड आहे.

तिसरा दोष वयस्कांसाठी. तो सेडान या जातीचाच आहे. सीट खाली, त्यामुळे बसताना पडल्यासारखं आणि उतरताना विहिरीतून वर आल्यासारखं होतं. गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि मणक्याच्या रुग्णाला बसण्याउठण्याचे ते दोन क्षण जड जातात. उंच गाडीत माणूस सरळ आडवा सरकून बसतो. म्हणजे बघा, दादांसाठी प्रवासाचे चार तास अकॉर्ड चांगली आणि प्रवासाची चार मिनिटं एसयूव्ही चांगली. लोकांना शोरूममध्ये ती चार मिनिटंच अनुभवायला मिळतात, म्हणून उंच गाड्या इतक्या खपतात की काय, अशी मला शंका येते. यावर उपाय साधा आहे. दार पूर्ण उघडायचं, आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. एक कडक उशी आणि हाताला धरायला एक माणूस. फिजिओथेरपिस्टनेच शिकवलं आहे.

चौथा दोष सुट्या भागांचा आणि वयाचा. सेकंडहँड बाजारात एक सापळा असतो. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. पंधरा-वीस लाखांच्या घरातली गाडी आज दीड-दोन लाखांना मिळेल. पण तिचा हेडलाइट, तिचा सस्पेन्शनचा हात, तिचा गिअरबॉक्स हे सगळे अजूनही वीस लाखांच्या गाडीचेच आहेत. ज्या डबल विशबोनचं मी वर कौतुक केलं, त्यात सांधे आणि रबरी बुश जास्त, म्हणून झिजणाऱ्या जागाही जास्त. अमेरिकेत 2008 नंतरच्या काही अकॉर्डचे मागचे ब्रेक पॅड लवकर झिजतात म्हणून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला होता, हेही नोंदवायला हवं. आणि रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. गाडी कमी चालली म्हणून टायर, नळ्या, बुश तरुण राहत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते वाचायला प्रत्येकाने शिकावं. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नये.

पाचवा मुद्दा दोषापेक्षा धोक्याचा आहे, म्हणून वेगळा सांगते. टकाटा या जपानी कंपनीने अनेक मोटार कंपन्यांना एअरबॅग फुगवणारे भाग पुरवले. त्यातलं रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि अपघाताच्या वेळी धातूचा डबा फुटून तुकडे अंगावर येऊ शकतात. जगभरात यात माणसं दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि 2017 मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातही अनेक टप्प्यांत गाड्या परत बोलावून हे भाग फुकट बदलून दिले, त्यांत निरनिराळ्या वर्षांच्या अकॉर्डही होत्या. गाडी दोन-तीन हातांतून गेलेली असेल तर पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असण्याचा संभव असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा अक्षरी चेसिस नंबर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं. ज्या कुणाकडे त्या काळातली होंडा असेल, मग ती सिटी असो की जॅझ, त्याने हा लेख पुढे वाचण्याआधी हे काम करावं. खरंच सांगते.

आता पैशांचं गणित. हे मी भाच्यासमोर वहीत मांडलं होतं, तसंच इथे देते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

त्यांची गाडी वर्षाला साधारण 8000 किलोमीटर चालते. अकॉर्डचं सरासरी ॲव्हरेज 9 धरलं तर 889 लिटर पेट्रोल. नव्या छोट्या गाडीचं 16 धरलं तर 500 लिटर. फरक 389 लिटरचा; लिटरला 105 रुपये धरले तर वर्षाला सुमारे 41 हजार. जुन्या गाडीची दुरुस्ती नव्यापेक्षा वर्षाला 60 हजारांनी जास्त धरली. म्हणजे अकॉर्ड ठेवण्याचा जादा खर्च वर्षाला एक लाख, पाच वर्षांत पाच लाख, आणि शेवटी गाडी भंगारात.

नवी गाडी 12 लाखांची. अकॉर्ड विकून आलेले 2 लाख भरायचे आणि 10 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढायचं. हप्ता येतो सुमारे 20,760 रुपये. पाच वर्षांत भरायचे जवळजवळ साडेबारा लाख. शेवटी हातात राहणारी गाडी 6 लाखांची धरली, तरी निव्वळ खर्च साडेसहा लाखांच्या आसपास.

म्हणजे पाच लाख विरुद्ध साडेसहा लाख. "पांढरा हत्ती"वाले म्हणतात तेवढी अकॉर्ड महाग नाही, आणि "जिवापाड जपा"वाले म्हणतात तेवढी स्वस्तही नाही. आणखी एक गंमत. हे गणित किलोमीटरवर फिरतं. वर्षाला साडेतेरा हजार किलोमीटरच्या वर गाडी चालली की अकॉर्ड हरते. म्हणून रोज अंबड-सातपूरला कामावर जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. महिन्यातून दोन लांबचे प्रवास आणि एरवी रिक्षा किंवा दुचाकी, असं ज्याचं जगणं असेल त्याच्यासाठी ती आहे. भाच्याच्या मुलीचं पुढच्या वर्षी कॉलेज सुरू होतंय. दर महिन्याला वीस हजारांचा हप्ता हा दुरुस्तीसारखा पुढे ढकलता येत नाही, हाही मुद्दा मी अधोरेखित करून ठेवला.

राहिला सरकारी बाजूचा प्रश्न. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आरटीओत गाडी दाखवून, तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. 1 एप्रिल 2022 पासून मोटारगाडीच्या फेरनोंदणीची फी 600 वरून 5000 रुपये झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती 10 हजार केली गेली. शिवाय पर्यावरण कर, नवी सुरक्षित नंबरप्लेट, पीयूसी. दिल्लीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशाने पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्त्यावर बंदीच घातली गेली. तिथल्या चांगल्या गाड्या कवडीमोलाने इतर राज्यांत आल्या. 2025 मध्ये हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा वय मोजायचं की धूर मोजायचा हाच वाद होता.

माझं मत विचाराल तर धूर मोजा, ब्रेक मोजा, वय मोजू नका. आम्हाला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं ते वय पाहून. कुणी वर्गात येऊन तास पाहिला नाही. माणसांच्या बाबतीत ते ठीक, नव्यांना जागा द्यायची असते. पण गाडीच्या बाबतीत वर्षाला आठ हजार किलोमीटर चाललेली, तेल वेळेवर बदललेली गाडी आणि वर्षाला चाळीस हजार चाललेली, कधीही न धुतलेली गाडी या दोघींना एकाच तारखेला म्हाताऱ्या ठरवणं हा न्याय नव्हे. एक चालू गाडी मोडून दुसरी बनवायलाही लोखंड, कोळसा आणि पाणी लागतंच. मात्र याची दुसरी बाजूही मी तितक्याच ठामपणे मांडते. तपासणी खरी हवी. पेठ रोडला गाडी उभी करून कागद हातात घेऊन यायचं, हे मनाला फसवणं आहे. आणि सुरक्षेत नवी गाडी पुढे आहे हे मान्य करायला हवं. भारतात गाड्यांची टक्कर-चाचणी करून तारे देणारी भारत एनकॅप पद्धत सुरू झाली ती 1 ऑक्टोबर 2023 ला. त्याआधी आपण दाराच्या आवाजावरून गाडीची मजबुती ठरवत होतो, आणि मीही वर तेच केलंय!

तर निकाल. माझ्या मते भाच्याने गाडी ठेवावी, पाच वर्षांसाठी, पण अटींवर. चेसिस नंबर तपासून एअरबॅगचा प्रश्न आधी मिटवायचा. फेरनोंदणीआधी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, चारही टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बुश एकदाच नीट करून घ्यायचे, तुकड्यातुकड्याने नाही. इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल ठरल्या मुदतीत बदलायचं. दर महिन्याला पाच हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळे टाकायचे. खर्च झाले नाहीत तरी ते घरखर्चात ओढायचे नाहीत. आणि शेवटची अट, ज्या वर्षी दुरुस्ती सव्वा लाखाच्या वर जाईल, म्हणजे सहा हप्त्यांइतकी होईल, किंवा गिअरबॉक्स जाईल, त्या वर्षी आठवणी काढत बसायचं नाही, गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचं. ज्याला या अटी पाळता येणार नाहीत त्याने आजच विकावी, आणि घेणाऱ्याला सगळं खरं सांगून विकावी.

नव्याने अशी गाडी घ्यायला निघालेल्यांना वेगळा सल्ला आहे. दोन लाखांत अकॉर्ड मिळतेय म्हणून धावू नका. दोन लाखांची गाडी घ्यायला दोन लाख लागतात, पण वीस लाखांची जुनी गाडी सांभाळायला वीस लाखांच्या गाडीची शिस्त लागते. भाच्याकडे ती दहा वर्षं आहे, तिच्या खोकल्याचा आवाज त्याला ओळखता येतो. तुमच्याकडे ती अनोळखी म्हणून येणार.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि वही स्वतःकडे ठेवून घेतली. वहिनींचा अजूनही उंच गाडीचा आग्रह आहे, आणि गतिरोधकांच्या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. दादांनी मात्र पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून त्याखाली "नळ्या, टायर" असं पेन्सिलीने लिहिलंय. बहुधा ठरलंय.